विवेकाचा संसार : गोपाळ गणेश आगरकर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्याच्या रस्त्यांवरून एक अजब प्रेतयात्रा निघाली होती. तिरडी होती, खांदेकरी होते, मागून चालणारा जमावही होता. मात्र ज्याच्या नावाने ती निघाली होती तो गृहस्थ जिवंत होता आणि आपल्याच घरातून ती पाहत होता. गोपाळ गणेश आगरकर हे त्या गृहस्थाचे नाव. समाजाच्या श्रद्धांना धक्का देणारे लेखन करतो, हा त्यांचा अपराध. प्रतिमेची यात्रा काढून सनातनी मंडळींनी आपला संताप व्यक्त केला आणि आगरकर पुन्हा लिहावयास बसले. मराठी वाचकाला हा प्रसंग परिचयाचा आहे. पण त्यामागचे आयुष्य तितके परिचयाचे नाही. ज्या समाजात जन्मापासून मरणापर्यंतची प्रत्येक घटना धर्मविधीने बांधलेली होती, त्या समाजात राहून, संसार करून, शिक्षकी पेशा सांभाळून केवळ बुद्धी आणि माणुसकी यांच्या आधारे जगण्याचा तो एक दीर्घ आणि कष्टप्रद प्रयत्न होता.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची परिस्थिती हलाखीची. बालपण आजोळी, कऱ्हाडला गेले. इंग्रजी शिक्षणाची ओढ होती, पण त्यासाठी लागणारा पैसा नव्हता. काही काळ त्यांनी कचेरीत उमेदवारी केली. शिकण्याची सोय होईल या आशेने ते पायी रत्नागिरीस गेले आणि तेथे जम बसेना तेव्हा परत आले. कऱ्हाडच्या दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. पुढे नातलगांच्या आधाराने वऱ्हाडात, अकोल्यास जाऊन त्यांनी शाळेतले शिक्षण पूर्ण केले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा जाणता शिक्षक त्यांना लाभला. १८७५ साली मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच अंगात घालायचा, असे ते दिवस होते. वर्तमानपत्रांतून लेख लिहून, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे मिळवून त्यांनी महाविद्यालयाचा खर्च भागविला.

याच महाविद्यालयात त्यांच्या विचारांना निश्चित वळण लागले. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे त्यांचे आवडते तत्त्वज्ञ. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचे मोल त्यांनी मिलपासून घेतले. समाज, धर्म, नीती या साऱ्या गोष्टी उत्क्रांत होत आलेल्या आहेत ही दृष्टी स्पेन्सरपासून घेतली. पण ग्रंथांतून आलेल्या या विचारांना त्यांच्या स्वतःच्या अनुभवाची जोड होती. दारिद्र्य हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे म्हणणे ज्याने ते भोगले आहे त्याला सहज पटत नाही. आगरकरांना ते पटले नाही. परमेश्वर आहे की नाही हे मानवी बुद्धीला निश्चितपणे सांगता येणार नाही, आणि ज्याविषयी काही सांगता येत नाही त्याच्या आज्ञा म्हणून कोणी काही पुढे केले तर ते तपासल्यावाचून मानण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका बनत गेली. तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत तिला अज्ञेयवाद म्हणतात.

एम.ए. झालेल्या तरुणाला त्या काळी सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे असत. मुलगा शिकला, आता घराचे दिवस पालटतील, अशी आईची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून कळविले, की मोठ्या पगाराची आशा तिने धरू नये; पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सगळा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहोत. या पत्रात त्या काळच्या रूढीला धरून असलेला परलोकाचा, पुण्याचा वा मोक्षाचा विचार नव्हता. संन्याशाचा त्याग समाजाला ठाऊक होता आणि वंदनीयही होता. पण देवासाठी नव्हे, तर केवळ माणसांसाठी आणि तोही संसारात राहून केलेला त्याग लोकांना नवीन होता.

डेक्कन कॉलेजातच १८७९ च्या सुमारास त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जुळली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम.ए.ची परीक्षा उरकून आगरकर या मंडळींना येऊन मिळाले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला आणि त्याच्या संपादनाची धुरा आगरकरांकडे आली. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या मजकुरावरून खटला उभा राहिला आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची कैद झाली. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांच्या खटपटीने रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता, ही गोष्ट त्या काळातल्या माणसांच्या मनाचा मोठेपणा दाखविणारी आहे. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघा मित्रांनी १०१ दिवस काढले. कोठडीत रात्र रात्र त्यांचे वाद रंगत आणि विषय बहुधा समाजसुधारणेचा असे. सुटकेनंतर आगरकरांनी तुरुंगातील दिवसांवर पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे त्यांनी केलेले भाषांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले.

तुरुंगात जे वाद प्रेमाने चालत, ते बाहेर आल्यावर तितके निर्वेध राहिले नाहीत. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या प्रश्नांवर टिपणे प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अजाण वयात झालेले लग्न स्त्रीवर बंधनकारक मानावे का, हा प्रश्न त्यामुळे घराघरांत पोहोचला. आगरकरांचे उत्तर स्पष्ट होते. ज्या विवाहाला संमती नाही तो अन्याय आहे, आणि अन्याय दूर करण्यासाठी कायद्याचे साहाय्य घेण्यात गैर काही नाही. राज्य परक्यांचे आहे, त्यांना घरात शिरू देऊ नये, आधी राजकीय हक्क मिळवावेत आणि सुधारणा शिक्षणाने हळूहळू होऊ द्यावी, अशी टिळकांची बाजू होती. हा मतभेद वाढत गेला. 'केसरी'तून आपल्याला पटेल ते लिहिता येत नाही, हे ध्यानात आल्यावर १८८७ च्या अखेरीस आगरकरांनी संपादकपद सोडले. ज्या पत्रासाठी तुरुंगवास सोसला त्याचा निरोप घेणे सोपे नव्हते. मित्रही दुरावला आणि पुढच्या काळात दोघांनी एकमेकांवर कडवट शब्दांत लिहिले. मतासाठी त्यांनी दिलेली ही बहुधा सर्वांत मोठी किंमत असावी.

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' निघाला. मराठी बाजू आगरकरांची आणि इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांची, अशी त्याची रचना होती. पुढच्या साडेसहा वर्षांत आगरकरांनी ज्या विषयांवर लिहिले त्यांची यादीच तत्कालीन पुण्याला अस्वस्थ करण्यास पुरेशी होती. 'देवतोत्पत्ति' या निबंधात देवांच्या कल्पनेचा उगम त्यांनी आदिमानवाच्या भीतीत, स्वप्नांत आणि मृतांविषयीच्या समजुतींत शोधला. 'सोवळ्याची मीमांसा' करताना शुचिर्भूतपणाच्या कल्पनेला आरोग्याचा आणि तर्काचा निकष लावला. अंत्यविधींवरच्या निबंधाला त्यांनी शहाण्यांचा मूर्खपणा असे नाव दिले. स्त्रियांनी जाकिटे घालावीत, मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे राहता येईल असे शिक्षण मिळावे, ही मते त्यांनी अशा काळात मांडली, की पांढरपेशा घरांतही मुलीने शाळेत जाणे अपवादात्मक होते. केशवपनाच्या चालीवर तर त्यांनी निष्ठुर प्रहार केले.

या लेखनाचे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीत होते. महाराष्ट्रात सुधारक आगरकरांपूर्वीही होते आणि त्यांच्या काळातही होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. ते आस्तिक होते आणि धर्म शुद्ध करावा, सोडू नये, असे मानत. विधवाविवाहाला अनुकूल वचने शास्त्रांत सापडतात, हे दाखविण्यासाठी या पिढीतल्या विद्वानांनी मोठे परिश्रम केले. आगरकरांना त्या विद्वत्तेचा आदर होता, पण तिची गरज वाटत नव्हती. अजाण मुलीचे केस कापून तिला अंधारात बसविणे हे क्रौर्य आहे की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. क्रौर्य असेल तर शास्त्राने संमती दिली म्हणून ते चांगले ठरत नाही, आणि नसेल तर शास्त्राने निषेध केला म्हणून वाईट ठरत नाही. शास्त्राच्या आधाराने सुधारणा करू लागले, की शास्त्राच्याच आधाराने ती उद्या रोखताही येते, हा धोका त्यांनी ओळखला होता. म्हणून निर्णयाचे शेवटचे आसन त्यांनी ग्रंथाला दिले नाही, माणसाच्या बुद्धीला दिले.

देव नाही, परलोक नाही, तर माणसाने नीतीने का वागावे, हा आक्षेप त्यांच्यावर वारंवार घेतला जाई. आगरकरांच्या मते नीतीचा पाया मनुष्याच्या सुखदुःखातच आहे. एकत्र राहणाऱ्या माणसांना परस्परांच्या विश्वासावाचून जगता येत नाही. दुसऱ्याचे दुःख कमी करण्यात आणि सुख वाढविण्यात जीविताचे सार्थक आहे आणि त्यासाठी नरकाच्या भयाची किंवा स्वर्गाच्या लालसेची आवश्यकता नाही. उलट, भयाने केलेले सत्कृत्य त्यांना कमी प्रतीचे वाटे. माणसाच्या चांगुलपणावरचा हा विश्वास ही त्यांची श्रद्धा होती, असे म्हणता येईल.

विचार लिहिणे आणि ते घरात जगणे या दोन गोष्टींतले अंतर किती मोठे होते, हे त्याच काळातल्या एका घटनेवरून कळते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. मिशनऱ्यांच्या घरचा तो चहा एवढा गाजला, की ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्काराचा अर्थ केवळ पंक्तीतून उठविणे एवढाच नव्हता. लग्नाला भटजी मिळत नसे, मुलीला स्थळ मिळत नसे, मयताला खांदेकरी मिळत नसत. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतले. पुढे रानड्यांसारख्या धीरगंभीर पुरुषालाही आप्तमित्रांसाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले. अशा शहरात, अशा दडपणाखाली आगरकर दर आठवड्याला 'सुधारक'चा अंक काढत होते.

त्यांच्या पत्नी यशोदाबाई परंपरेच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. १८७७ साली लग्न झाले तेव्हा आगरकर महाविद्यालयात शिकत होते. पतीची मते आणि भोवतालच्या बायकांची बोलणी यांच्या कात्रीत या स्त्रीने जे सोसले त्याची नोंद 'सुधारक'च्या स्तंभांत नाही. आगरकरांनी आपली मते घरात हुकमाने लादली नाहीत. ज्याला व्यक्तीच्या स्वातंत्र्याची महती पटलेली आहे त्याला पत्नीचा देव्हारा सक्तीने काढून टाकता येत नाही. काहींनी यात त्यांच्या विचारांची विसंगती पाहिली. परंतु आपल्या मताप्रमाणे वागण्याचा हक्क स्वतःसाठी मागायचा आणि घरातल्या माणसाला तो नाकारायचा, ही खरी विसंगती झाली असती. श्रद्धाळू माणसांवर प्रेम करीत आणि त्यांच्याबरोबर राहत स्वतःचे मत न सोडणे, हेच धर्मनिष्ठ समाजातल्या विवेकवाद्याचे रोजचे काम असते. आगरकरांनी ते काम वर्षानुवर्षे केले.

१८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलीशी शरीरसंबंधाच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. आज ही सुधारणा विलक्षण तोकडी वाटते, पण तिच्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या आणि माणसे कायमची तुटली. आगरकर कायद्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले. त्यांच्यावर सरकारधार्जिणेपणाचा आरोप झाला. तो न्याय्य नव्हता. इंग्रजी राजवटीत देश कसा दरिद्री होत चालला आहे यावर 'सुधारक'ने कडक शब्दांत लिहिले होते. मात्र परक्याची गुलामी जितकी वाईट तितकीच रूढीची गुलामीही वाईट, आणि जो घरातल्या माणसांना गुलाम करून ठेवतो त्याला बाहेर स्वातंत्र्य मागण्याचा अधिकार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'गुलामांचे राष्ट्र' हे त्यांच्या एका निबंधाचे शीर्षकच आहे.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली आणि फर्ग्युसन कॉलेजची १८८५ च्या आरंभी झाली. दोन्हींत आगरकरांचा वाटा होता. मराठी वाक्यरचनेचा शास्त्रशुद्ध विचार करणारे 'वाक्यमीमांसा' हे पुस्तकही त्यांनी याच अध्यापनाच्या काळात लिहिले. वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. याच महाविद्यालयात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला. याच काळात रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे शिकत होते. हे पुढे सीनियर रँग्लर झाले आणि त्यांनी आयुष्यभर बुद्धिवादाचा पुरस्कार केला. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकलेल्या केशवसुतांच्या कवितेत आणि हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांत आगरकरी विचारांचे पडसाद उमटले. धोंडो केशवांचे पुत्र रघुनाथराव यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून त्याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले.

आगरकरांच्या विचारांना मर्यादा नव्हत्या असे नाही. त्यांचा वाचक मुख्यतः शहरातला, शिकलेला, उच्चवर्णीय होता आणि त्यांच्या लेखनातले बहुतेक प्रश्न त्या वर्गाच्या घरांतले होते. जातिभेदावर त्यांनी लिहिले, दारिद्र्यावर लिहिले. परंतु शेतकऱ्यांच्या आणि शूद्रातिशूद्रांच्या जीवनाचा जो प्रत्यक्ष अनुभव जोतीरावांच्या लेखनात आहे तो येथे नाही. बुद्धीला पटले की माणूस आचार बदलेल, हा त्यांचा भरवसाही काहीसा भाबडा ठरला. श्रद्धा ही कित्येकांना दुःखात मिळणारी एकमेव सोबत असते; ती सोडायची तर त्या जागी माणसांची सोबत द्यावी लागते. हे काम एका साप्ताहिकाच्या आवाक्याबाहेरचे होते.

दम्याने त्यांना तरुणपणापासूनच ग्रासले होते. अध्यापन, संपादन आणि सततचा मनस्ताप यांनी प्रकृती ढासळत गेली. १७ जून १८९५ रोजी वयाची एकोणचाळिशी पुरी होण्याआधीच त्यांचे निधन झाले. आपल्या मागे क्रियाकर्माचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी अंत्यविधीच्या खर्चापुरते पैसे पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवले होते, असे त्यांच्याविषयीच्या आठवणींत सांगितले जाते. टिळकांनी 'केसरी'त मृत्युलेख लिहिला. तो सांगताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, अशीही आठवण आहे. मतांनी तोडलेले मैत्र मृत्यूने क्षणभर का होईना, पुन्हा जोडले.

आज पुण्यातल्या शाळेला आणि मुंबईत अंधेरीच्या गजबजलेल्या चौकाला आगरकरांचे नाव आहे. बालविवाह कायद्याने गुन्हा ठरला, केशवपन इतिहासजमा झाले, मुलींनी शिकण्याचे कारण कोणी विचारीत नाही. त्यांनी मागितलेल्या गोष्टी समाजाने घेतल्या. परंतु त्या मागण्यामागची पद्धत मात्र पूर्णपणे घेतली नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, तेव्हा अनेकांना आगरकरांची आठवण झाली. आगरकरांच्या विरोधकांनी प्रतिमेची यात्रा काढली होती. सव्वाशे वर्षांनंतर विरोध तेथे थांबला नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा मात्र झाला.

ज्याला देव मानता येत नाही अशा माणसाने देव मानणाऱ्यांच्या वस्तीत कसे राहावे, हा प्रश्न आगरकरांनी ग्रंथात सोडविला नाही, आयुष्यात सोडविला. त्यांनी वस्ती सोडली नाही, नवा पंथ काढला नाही, शिष्य जमविले नाहीत. मिळेल त्या वेतनात मुलांना शिकविले, दर आठवड्याला पटेल ते लिहिले आणि ज्यांनी आपली तिरडी बांधली त्यांच्याच मुलींच्या शिक्षणासाठी भांडत राहिले.